पद्मिनीच्या काचेचं रबर

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ताफ्यातली शेवटची प्रीमियर पद्मिनी 20 वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. 1964 साली फियाट 1100 डिलाइट या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागलेली आणि 1974पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली ही गाडी आता मुख्यतः हौसेने सांभाळणाऱ्यांच्या दारात दिसते. अशी गाडी हाती आली की पैसा आधी रंगावर, क्रोमवर आणि सीटकव्हरवर जातो. माझ्या मते पहिला खर्च दरवाजाच्या काचेच्या रबरावर व्हायला हवा. काच खाली घेताना ती दरवाजाच्या वरच्या कडेतल्या फटीतून आत उतरते. त्या फटीला बाहेरून आणि आतून लावलेल्या या दोन अरुंद पट्ट्या. बाहेरची पट्टी काचेवरचं पाणी आणि धूळ निपटून काढते, आतली काचेला आधार देऊन तिचा खडखडाट थांबवते. इंजिनाच्या एखाद्या किरकोळ कामापुढेही त्यांची किंमत नगण्य असते, पण त्या गेल्या की दरवाजाचा पत्रा जातो.

दरवाजा कुजतो खालच्या कडेला, म्हणून त्याचं कारण वर शोधायचं सहसा कुणाला सुचत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. त्याला आडव्या भेगा पडतात आणि काचेला टेकणारी कड मागे वळते. मग फट उघडी पडते. मुंबईत जून ते सप्टेंबर 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि काचेवरून ओघळणारं पाणी थेट दरवाजाच्या पोकळीत जातं. पाण्याबरोबर रस्त्याची धूळही जाते. तिचा चिखल तळाशी, जिथे दोन पत्रे दुमडून जोडलेले असतात, तिथे बसतो आणि पाऊस थांबल्यावरही ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो. खालच्या कडेला रंगाचे फोड दिसतात तेव्हा आतला पत्रा चाळण झालेला असतो, आणि तोवर काम रबराचं न राहता डेंटरचं झालेलं असतं. नवा रंग मारून हे फोड दोन पावसाळेसुद्धा झाकता येत नाहीत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो खराही आहे: दरवाजात थोडं पाणी जाणारच हे धरूनच त्याच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. पण ती भोकं पाण्यासाठी आहेत, गाळासाठी नाहीत. पट्टी धड असेल तर आत जातं ते थोडं आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. पट्टी गेली की भोकंच बुजतात आणि पाणी बाहेर जाण्याची वाट बंद होते. दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. जुन्या गाडीतलं मूळ ते मूळच राहावं, हा आग्रह मला मान्य आहे. केंद्राच्या 2021च्या नियमांनुसार 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, तीही सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल नसतील तरच. म्हणजे जपायचा आहे तो पत्रा. रबर टायरसारखंच झिजून बदलण्यासाठी बनवलेलं आहे. मूळ पट्टीचा एक तुकडा नमुना म्हणून ठेवावा आणि तिच्याच आकाराची नवी लावावी.

आकाराचा मुद्दा मात्र अनेक जण उडवून लावतात. बाजारात मीटरवर मिळणारं कुठलंही रबर बसवलं तर जाड पट्टीमुळे काच जड चालते आणि हँडल फिरवताना सगळा ताण काच उचलणाऱ्या मशीनच्या दात्यांवर येतो. बारीक पट्टी काचेला टेकतच नाही. मिळाल्यास ईपीडीएम रबर घ्यावं, ते उन्हात साध्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. काम करताना काच पूर्ण खाली घेऊन, हँडल आणि आतला ट्रिमचा पुठ्ठा काढून, जुनी पट्टी क्लिपांसकट सोडवावी. खाली उघडी पडणारी पत्र्याची कड हाच या कामाचा गाभा. तिथला गंज घासून, प्राइमर आणि रंग लावून तो पूर्ण वाळू द्यावा. नवं रबर ताणून बसवू नये. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. कापताना किंचित लांब ठेवून ते दाबत न्यावं. सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगतं. फट बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनही नको, सुकताना त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंज आणतं. पुढच्या दरवाजांतल्या तिकोनी काचेचं रबर वेगळं असतं, तेही याच वेळी बदलून घ्यावं.

तुमच्याकडे पद्मिनी असेल तर मे महिन्यात चारही दरवाजांची रबरं तपासा, तळाची भोकं तारेने मोकळी करा, आणि रंगाऱ्याला आगाऊ पैसे त्यानंतरच द्या.