रडारचा काटा

ज्या काट्यावर मजुरी ठरते तो प्रमाणित वजनांनी तपासला आहे काय, हा प्रश्न आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी विचारतो. विमानातून भूमीचे चित्र घेणाऱ्या रडारलाही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या उतारावरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती आले; 57 माणसे बेपत्ता राहिली. अशा रात्री, अशा पावसात साधा कॅमेरा आंधळा होतो. रडार मात्र स्वतः रेडिओलहरी सोडते व परत आलेला प्रतिध्वनी टिपते. अंधार आणि ढग त्याला अडवीत नाहीत. झाडी उखडून माती उघडी पडली की हा प्रतिध्वनी बदलतो.

पण दोन चित्रांत एकच उतार वेगळा दिसला, तर डोंगर बदलला की यंत्र? विमान वाऱ्याने हेलकावते, उष्णतेने यंत्राचा जोर कमीजास्त होतो. म्हणून रडारलाही प्रमाणित वजन लागते.

हे वजन म्हणजे धातूचे तीन त्रिकोणी पत्रे. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात, तसे ते एकमेकांशी काटकोनात जोडलेले असतात. आत शिरलेली लहर तिन्हींवर आपटून आल्या दिशेनेच परत फिरते. पत्र्याची बाजू व लहरीची लांबी ठाऊक असली, की प्रतिध्वनी किती यावा हे गणित आधीच सांगते. बाजू दुप्पट केली तर तो सोळापट होतो.

असे कोपरे मोकळ्या सपाट जागी, विमानाच्या वाटेपासून निरनिराळ्या अंतरांवर मांडतात आणि वरून विमान नेतात. हिशेबाने यावा तो प्रतिध्वनी आणि चित्रात उमटला तो, यांतील तफावत काढून तेवढी दुरुस्ती साऱ्या चित्राला लावतात. कर्जतच्या भातखाचरांलगत कोपरा मांडायचा, तर त्याच्या तळाला भोक हवे. नाहीतर पावसाचे पाणी साचून वजनच खोटे पडेल.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने विमानातले असे रडार घडविले. 2019 मध्ये ते अमेरिकेत नासाच्या विमानातून उडाले. त्याच जातीच्या लहरी वापरणारा ‘निसार’ उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला.

रडार दरड थांबवीत नाही. परंतु वाडी हलवावी की नाही, हे उद्या अशा चित्रांवरून ठरू लागले, तर वाडीतल्या माणसाने बेधडक विचारावे: काटा कधी तपासला होता? तो त्याचा हक्क आहे.