‘कोसला’तील अधोगतीचे स्वरूप

शहरात गेलेल्या तरुणाच्या अधःपाताची कथा म्हटली, की निरागस खेडे आणि बिघडविणारे शहर ही जोडी मनात सहज उभी राहते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीस मात्र ही चौकट अपुरी पडते.

सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, वडिलांचा पैसा उधळतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि अखेर गावी परततो. या घसरणीत शहराचा वाटा आहे, हे खरे. तथापि त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते, ती गावी. ज्या घरी परतावयाचे त्याच घरात हा मृत्यू आहे आणि वडिलांशी असलेला दुरावाही आहे. म्हणून त्याचे परतणे ही सुटका ठरत नाही.

ही हकीकत पंचविशीतील पांडुरंग स्वतः सांगतो. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ ही त्याची पालुपदे मोठ्या शब्दांची प्रतिष्ठाच काढून घेतात. त्यामुळे अधोगतीच्या कथेत अपेक्षित असलेला पश्चात्ताप येथे येत नाही, बोधही येत नाही.

नांदेड, लातूरकडील शेतकरी कुटुंबांतून आजही अनेक विद्यार्थी पुण्यास जातात. त्यांच्यापैकी कोणी रिकाम्या हाताने परतला, तर ‘शहराने त्याचे काय बिघडविले’ असे विचारले जाते. ‘परतलेल्यास गावाने काय दिले’ हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ‘कोसला’चे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.