सीडी-४ चा आकडा

बैठक संपल्यावर एखादी ताई उगीच मागे रेंगाळली, की आम्ही ओळखतो, काहीतरी विचारायचंय. परवा एकीनं घडी घातलेला कागद पुढे केला. आठ दिवस तांदळाच्या डब्यात लपवला होता. त्यावर लिहिलेलं, सीडी-४ : १८०. "पास की नापास?" तिला विचारूनच हे सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही.

सीडी-४ ही रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींच्या अंगावरची खूण. या पेशी इतर पेशींना निरोप धाडून लढायला लावतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका यांनाच गाठतो.

तपासणीत रक्ताच्या नमुन्यात चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं मिसळतात. (रंग अंगात टोचत नाहीत हो, सगळं नळीतच.) ही प्रतिपिंडं सीडी-४ ची खूण शोधून तिलाच चिकटतात. मग फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र पेशींना एकेक करून लेझरच्या झोतासमोरून नेतं. आपल्या बल्लाळेश्वराला माघी चतुर्थीला कितीही गर्दी असो, गाभाऱ्यापाशी रांग एकेरीच होते, तसं. फक्त इथे सेकंदाला हजारो पेशी पुढे सरकतात. चमकतील त्या मोजायच्या.

संशोधक आणखी आत शिरतात. पेशीला निरोप पोचला की तिच्यातल्या काही प्रथिनांना फॉस्फेट चिकटतं. तेव्हा पेशी आहे तशी थिजवतात, तिच्या आवरणाला बारीक छिद्रं पाडतात आणि फॉस्फेट लागलेलं प्रथिनच ओळखणारी रंगीत प्रतिपिंडं आत सोडतात. निरोप कुणी ऐकला, कुणी नाही, ते रंगावरून कळतं. आम्हाला तर हे फार आवडलं.

आता १८०. निरोगी मोठ्या माणसात घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० अशा पेशी असतात. २०० च्या खाली गेल्या की क्षयासारखे आजार लवकर धरतात. म्हणजे नापास नव्हे, पण दिरंगाई नको. सरकारी एआरटी केंद्रात औषधं २००४ पासून मोफत आहेत, आणि २०१७ पासून ती सुरू करायला हा आकडा खाली येण्याची वाट पाहत नाहीत. साध्या तापानंही आकडा हलतो. औषध लागू पडतंय का, ते व्हायरल लोडच्या तपासणीत कळतं.

ताईला खोकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिच्यासोबत क्षयाच्या तपासणीला गेलो.