मूळ मार्ग एक, सेवा अनेक

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात अठराव्या क्रॉसवर काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ मध्ये वन संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या या केंद्राला १९८८ मध्ये आजच्या संस्थेचे स्वरूप लाभले. कर्नाटक वन विभागाचे अरण्य भवनही याच क्रॉसवर आहे. 'अठरावा क्रॉस, मल्लेश्वरम, बंगळूर ५६०००३' एवढा भाग दोन्ही पत्त्यांत सारखा आहे. टपाल प्रथम या समान भागाच्या आधारे योग्य वस्तीत पोहोचते. इमारतीचा शोध त्यानंतर सुरू होतो.

वेब सेवांच्या यूआरएलची रचना अशीच असते. एखादे कृषी संशोधन केंद्र हवामान अंदाज, बाजारभाव आणि मृदा परीक्षण अशा तीन सेवा चालवीत असेल, तर त्यांच्या पत्त्यांचा आरंभीचा भाग एकच ठेवता येतो. उदाहरणार्थ, '/कृषिसेवा/आ१/' हा मूळ मार्ग आणि त्यापुढे 'हवामान', 'बाजारभाव', 'मृदा' हे एंडपॉइंट. भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या व्यासपीठावर बाजारभावांची दैनंदिन माहिती अशाच पद्धतीने मिळते: यजमान संगणकाचे नाव आणि 'रिसोर्स' हा मार्ग सर्वत्र समान, बदलतो तो केवळ पुढचा ओळखक्रमांक.

हा समान भाग प्रत्येक एंडपॉइंटच्या संहितेत पुन्हा पुन्हा लिहू नये, एकाच ठिकाणी नोंदवावा. स्प्रिंग बूटमध्ये त्यासाठी 'कॉन्टेक्स्ट-पाथ' ही मांडणी आहे. जाक्स-आरएसमध्ये 'अ‍ॅप्लिकेशनपाथ' ही खूण वर्गावर लावतात. ओपनएपीआयच्या वर्णनपत्रात दुसऱ्या आवृत्तीत 'बेसपाथ' आणि तिसऱ्या आवृत्तीत 'सर्व्हर्स' या नोंदीतून तोच मार्ग जाहीर होतो. कॉन्टेक्स्ट-पाथ बदलताच त्या उपयोजनातील सर्व काही त्याच्याबरोबर सरकते, चित्रे आणि प्रकृती-तपासणीचा एंडपॉइंटसुद्धा. देखरेख यंत्रणेला जुनाच पत्ता दिलेला असेल, तर सुदृढ सर्व्हरही तिला बंद पडलेला दिसतो. मार्ग बदलणाऱ्याच्या हे सहसा उशिरा लक्षात येते.

खरी अडचण तिरप्या रेषेत दडलेली असते. पत्ते परस्परांशी कसे जोडावेत, याचे नियम जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये दिले आहेत. '/कृषिसेवा/आ१/' या मूळ मार्गाला 'हवामान' जोडले की '/कृषिसेवा/आ१/हवामान' मिळते. अखेरची रेषा विसरली, तर शेवटचा तुकडा गळून '/कृषिसेवा/हवामान' उरते. उलटपक्षी 'हवामान'च्या आरंभी रेषा दिली, तर संपूर्ण मूळ मार्गच पुसला जाऊन केवळ '/हवामान' शिल्लक राहते. मात्र काही ग्रंथालये हे नियम न पाळता दोन तुकडे नुसते चिकटवितात आणि मग दुहेरी रेषा उमटते. म्हणून मूळ मार्गाच्या शेवटी रेषा ठेवायची की नाही, हे संघाने एकदाच ठरवावे आणि जोडणी एकाच फलनाकडे सोपवावी.

मूळ मार्गात 'आ१' ही आवृत्तीची खूण का ठेवली, याचे उत्तर पुन्हा मल्लेश्वरममध्येच सापडते. १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र एकोजी राजे यांनी काडु मल्लेश्वर देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा उल्लेख आहे. १८९८ च्या प्लेगनंतर या परिसरात नवी वसाहत आखली गेली आणि देवाचे नाव वस्तीला मिळाले. जुने गावनाव आता अभ्यासकांपुरते उरले आहे. मनुष्य जुन्या नावाचा अर्थ विचारून घेतो. शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीतील अ‍ॅप विचारत नाही. ज्याने दोन वर्षे अ‍ॅप अद्ययावत केलेले नाही, त्याचा संच जुन्याच मार्गावर विनंती पाठवीत राहतो. त्यामुळे 'आ२' सुरू झाल्यावरही 'आ१' काही काळ चालू ठेवावी लागते, किंवा जुन्या मार्गावरून नव्या मार्गाकडे पुनर्निर्देशन करावे लागते.

पुनर्निर्देशनासाठी सवयीने ३०१ हा सांकेतांक वापरला जातो. बाजारभाव वाचण्यापुरता तो चालतो. परंतु शेतातून मृदा नमुन्याची नोंद 'पोस्ट' पद्धतीने पाठविली जात असेल, तर ३०१ मिळताच अनेक अ‍ॅप ती विनंती 'गेट'मध्ये बदलतात. नमुन्याचा मजकूर वाटेतच गळतो आणि नोंद झाल्याचा समज मात्र पाठविणाऱ्याच्या मनात राहतो. विनंतीची पद्धत आणि मजकूर अबाधित ठेवणारा सांकेतांक ३०८ आहे. नोंदी स्वीकारणाऱ्या मार्गांवर तोच द्यावा, आणि मार्ग बदलल्याच्या दिवशी एक चाचणी-नमुना जुन्या पत्त्यावर पाठवून तो माहितीसंचात उतरला की नाही हे प्रत्यक्ष पाहावे.