जोड जितकी तोडीची, भाकीत तितकं अवघड

चैत्र लागला की इंदापूर-बारामतीकडच्या गावांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. आदल्या रात्री छबिना, पहाटेपर्यंत तमाशा आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं की कुस्त्यांचा फड. हलगी कडाडते. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस मावळता मावळता मानाची शेवटची कुस्ती लागते. या सगळ्यात सर्वांत अवघड काम कुणाचं असेल, तर ते जोड लावणाऱ्या वस्तादाचं.

एखादा पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारतो, जोड मागतो. गर्दीतून दुसरा उठतो. वस्ताद दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतो. उंची बघतो, मानेची आणि मांड्यांची ठेवण बघतो. तालीम कोणती, मेहनत किती वर्षांची, मागची कुस्ती कुणाशी झाली, निकाली झाली की बरोबरीत सोडवली, हे विचारतो. मग एक तर दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो, नाहीतर ‘जोड बसत नाही’ म्हणून एकाला माघारी धाडतो. हे सारं मिनिटभरात उरकतं. या मिनिटभरात वस्तादानं मनातल्या मनात निकालाचं भाकीत केलेलं असतं, आणि ज्या कुस्तीचा निकाल त्याला आधीच दिसतो ती तो लावत नाही. ज्या जोडीपुढे त्याची स्वतःची नजर अडखळते, तीच कुस्ती तो मैदानात सोडतो.

खेळांचे निकाल आधी सांगण्याच्या शास्त्राचं मर्म इथे आहे. चांगली लढत मुळात भाकीत चुकावं म्हणूनच जुळवलेली असते.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली अनिश्चितता मोजायचं एक माप दिलं. दोन्ही बाजूंना जिंकण्याची सारखीच संधी असेल, तर त्या लढतीच्या निकालात पुरी १ बिट माहिती असते. एका बाजूला ९० टक्के संधी असेल, तर ती अर्ध्या बिटाच्याही खाली उतरते. म्हणजे एकतर्फी कुस्तीचा निकाल कळला तरी आपल्याला नवं असं फारसं काही कळत नाही. माणसं उन्हातान्हात आखाड्याभोवती दाटीवाटीनं बसतात ती त्या पुऱ्या बिटासाठी.

जत्रेत जे काम एक वस्ताद करतो, तेच अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये नियमांनी करून ठेवलंय. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन, एकमेकांना आडवं पाडत खेळायचा खेळ. त्यांच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये ३२ संघ आहेत, साखळी फेरीत २७२ सामने होतात आणि एका आठवड्यात जास्तीत जास्त १६. दर आठवड्याला लाखो लोक कोण जिंकणार याचे तक्ते भरतात. पण लीगला कुठलाही संघ कायमचा वरचढ झालेला नको असतो. १९३६ पासून तिथे नव्या खेळाडूंच्या निवडीची पद्धत आहे. मागच्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला नवा खेळाडू सर्वांत आधी निवडता येतो. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चालाही मर्यादा आहे. आपल्या प्रो कबड्डी लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि प्रत्येक संघाला ठरावीक रकमेतच बोली लावावी लागते, त्यामागेही हाच विचार आहे. पैशाच्या जोरावर सगळे चढाईपटू एकाच्या पदरात पडू नयेत.

अशा जुळवलेल्या स्पर्धेत भाकीत कितपत खरं ठरतं? अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या संघाचं पारडं जड मानलं जातं, तो साधारण तीनपैकी दोन वेळा जिंकतो. अनुभवी पत्रकार असो वा संगणकाचं मोठं प्रारूप, वर्षानुवर्षं या आकड्याच्या फार पुढे कुणी टिकत नाही. आता हिशेब मांडून बघा. समजा प्रत्येक सामन्यात तुम्ही बरोबर असण्याची शक्यता ६५ टक्के आहे. १६ सामन्यांत सरासरी दहा-साडेदहा निकाल बरोबर येतील. पण हा आकडा दर आठवड्याला हलत राहणार. कधी आठ, कधी बारा, आणि दोन्ही आठवड्यांत तुमची अक्कल तेवढीच. सोळाच्या सोळा निकाल बरोबर यायची शक्यता मात्र हजारात जेमतेम एक.

याच्या पुढचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक भाकीतकार खरोखर ६५ टक्के अचूक आहे आणि दुसरा ६० टक्के. अख्ख्या हंगामातल्या २७२ सामन्यांत दोघांमध्ये सरासरी तेरा-चौदा निकालांचा फरक पडेल. पण नुसत्या नशिबानं प्रत्येकाच्या आकड्यात आठेक निकालांची चढउतार सहज होते. म्हणजे पूर्ण वर्ष मोजूनही जाणकार कोण आणि नशीबवान कोण, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मग एका आठवड्याच्या यशावर कुणाला ‘तज्ज्ञ’ ठरवणं किती चुकीचं!

हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञानं १९९१ साली या खेळाचे निकाल तपासून पाहिले. सामन्याआधी अपेक्षित असलेलं गुणांचं अंतर आणि मैदानात प्रत्यक्ष पडलेलं अंतर यांत केवढी तफावत राहते, हे त्यानं मोजलं. ही तफावत घंटाकृती वक्राप्रमाणे पसरते आणि तिचं प्रमाण विचलन जवळजवळ १४ गुण भरतं, असं त्याला दिसलं. एखादा संघ ३ गुणांनी वरचढ मानला गेला, तर त्याची जिंकण्याची शक्यता ५९ टक्क्यांच्या आसपास, ७ गुणांनी वरचढ असेल तर ६९ टक्के. १४ गुणांनी वरचढ असलेला संघही सहा-सात सामन्यांत एकदा हरणारच.

२००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकून अंतिम फेरीत पोचला. समोर न्यूयॉर्क जायंट्स. पेट्रियट्स १२ गुणांनी वरचढ मानले गेले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये जायंट्सनी तो सामना १७-१४ असा जिंकला आणि साऱ्या अमेरिकेनं तोंडात बोट घातलं. पण स्टर्नच्या हिशेबानं जायंट्सना पाचात एक संधी होतीच. पाचात एक म्हणजे चमत्कार नव्हे.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुणेरी पलटणचं घेता येईल. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पलटणनं साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, फक्त २ गमावले आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेतलं. एवढा दणदणीत हंगाम! तरी डोळे झाकून दरवेळी ‘पलटण जिंकणार’ म्हणणारा साखळीत २२ पैकी १७ वेळाच बरोबर ठरला असता. आणि अंतिम सामना? तीन गुणांचा. एक ‘सुपर टॅकल’ इकडची तिकडे झाली असती, तर करंडक दुसरीकडे गेला असता.

बळ आकड्यात मांडायची आजची सर्वांत रुळलेली रीत बुद्धिबळातून आली. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो हे तिचे जनक. जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९७० मध्ये ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला एक मानांकन असतं. दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याकडून शंभरात ७६ गुणांची अपेक्षा धरली जाते. खेळ संपला की अपेक्षा आणि निकाल यांतला फरक ठरावीक आकड्यानं गुणायचा. तो आकडा ३२ धरला तर १६०० वाल्यानं १४०० वाल्याला हरवल्यावर त्याला जेमतेम ८ गुण मिळतात. उलटं झालं, तर १४०० वाला एकदम २४ गुण चढतो. अपेक्षित निकाल थोडंच शिकवतो, अनपेक्षित निकाल पुष्कळ शिकवतो. ही रीत आज फुटबॉलपासून कबड्डीपर्यंत कुठल्याही खेळाला लावता येते.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा दोघींच्या मानांकनात सुमारे ८० गुणांचा फरक होता. एलोच्या सूत्रानुसार दिव्याकडून शंभरात ३९ गुणांची अपेक्षा होती. मानांकन चुकलं, असं म्हणणाऱ्यांनी हा ३९ चा आकडा वाचलाच नव्हता.

तरी एका आकड्यात सगळं बळ मावत नाही, हे कुस्ती शिकवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या वादामुळे ‘महाराष्ट्र केसरी’च्या दोन स्पर्धा झाल्या. फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. त्याच महिन्यात धाराशिवच्या मैदानात शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा खांद्यावर घेतली. महिना तोच, पैलवान तोच, ताकदही तीच. बदलला तो समोरचा गडी. पट काढण्यात तरबेज असलेला एखादा भल्याभल्यांना लोळवतो, पण त्याचा पट ओळखून वरून दाबणारा भेटला की अडकतो. ‘अ’नं ‘ब’ला पाडलं आणि ‘ब’नं ‘क’ला, म्हणून ‘अ’ ‘क’ला पाडेलच असं नाही. वस्ताद मागच्या कुस्तीचा निकाल विचारून थांबत नाही, ती कुणाशी झाली आणि कोणत्या डावावर झाली हेही विचारतो, ते यासाठीच.

घरच्या मैदानाचा फायदाही असाच. अमेरिकन फुटबॉलमध्ये यजमान संघ शंभरात पंचावन्नहून अधिक सामने जिंकत, हे वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं होतं. २०२० मध्ये कोरोनामुळे बहुतेक मैदानं रिकामी किंवा अर्धीमुर्धी भरलेली राहिली. त्या हंगामात यजमानांनी १२७ सामने जिंकले आणि १२८ गमावले. फायदा जवळपास नाहीसाच झाला.

मग भाकीत करूच नये का? जरूर करावं, पण नाव नव्हे, टक्के सांगावेत. आणि ते टक्के तपासायची रीतही आहे. अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी ती १९५० साली पावसाच्या अंदाजांसाठी सुचवली. इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ती चटकन पटेल. ७० टक्के पावसाचा अंदाज दिला आणि पाऊस आला नाही, तर अंदाज चुकला का? एका दिवसावरून ठरवता येत नाही. ज्या ज्या दिवशी ७० टक्के म्हटलं, त्यांतल्या दहापैकी सातेक दिवशी पाऊस पडला का, एवढंच बघायचं.

ब्रायरचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडता येतो. तुम्ही एका पैलवानाला ७० टक्के दिलेत आणि तो जिंकला, तर चूक ०.३. तिचा वर्ग ०.०९. तो हरला, तर चूक ०.७ आणि वर्ग ०.४९. सगळ्या कुस्त्यांच्या वर्गांची सरासरी काढायची. ती जितकी कमी, तितका भाकीतकार चांगला. ज्याला काहीच माहीत नाही आणि जो दरवेळी ५०-५० म्हणतो, त्याची सरासरी बरोबर ०.२५ येते. खरी शक्यता ७० असताना प्रामाणिकपणे ७० म्हणणाऱ्याची सरासरी ०.२१ च्या आसपास राहते. त्याच ठिकाणी छाती ठोकून ‘शंभर टक्के हाच’ म्हणणाऱ्याची ०.३ वर जाते, म्हणजे काहीच माहीत नसलेल्यापेक्षाही वाईट. फुशारकीला गणितानं लावलेला एवढा नेमका दंड मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

हे सगळं कळकळीनं लिहिण्याचं कारण आहे. गावोगावच्या पोरांच्या मोबाइलवर ‘पक्का निकाल’ विकणारे संदेश येतात. त्यामागची युक्ती साधी असते. १०२४ जणांना संदेश पाठवायचा. निम्म्यांना एक संघ जिंकेल असं सांगायचं, निम्म्यांना दुसरा. पुढच्या वेळी ज्यांना बरोबर सांगितलं गेलं त्या ५१२ जणांनाच पुन्हा निम्मं-निम्मं करून पाठवायचं. पाच सामन्यांनंतर ३२ पोरं अशी उरतात, ज्यांना या माणसाचं एकही भाकीत चुकलेलं दिसलेलं नसतं. त्यांच्याकडे मग सहाव्या निकालाचे पैसे मागायचे. त्या माणसाला खेळातलं काडीचंही कळत नसतं. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली, तरी असे संदेश पाठवणाऱ्याला रोखायला कायद्याइतकंच हे साधं अंकगणित कामाला येईल.

म्हणून शाळा-कॉलेजातल्या मुलांना आणि त्यांच्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. येत्या जत्रेत किंवा कबड्डीच्या येत्या हंगामात एक वही घाला. लढत सुरू होण्याआधी नाव लिहा, टक्के लिहा, निकालानंतर चुकीचा वर्ग काढा. एक पैसाही लावू नका. निदान शंभर लढती होऊ द्या, मगच सरासरी काढा. ती ०.२५ च्या खाली आली, तर तुमची नजर तयार होतेय असं समजा. आणि कुणी पक्का निकाल विकायला आला, तर त्याला आधी त्याची वही मागा.