उद्ध्वस्त नगराची घडी

युद्ध म्हटले की तोफांचा गडगडाट, रणगाड्यांची धडधड आणि सैनिकांचा पराक्रम हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु तोफा थंडावल्यावर त्या गावातील लोकांचे काय होत असेल? नळाला पाणी कोण आणीत असेल? धान्य कोण वाटीत असेल? आजाऱ्यांची काळजी कोण वाहत असेल? ही कामे मार्गी लावण्यासाठी सैन्यात काही खास अधिकारी नेमलेले असतात. त्यांना नागरी व्यवहार अधिकारी असे म्हणतात.

ज्या प्रदेशाचा ताबा सैन्याने घेतला असेल, तेथे शक्य तितकी सुव्यवस्था पुन्हा आणणे आणि तेथील कायद्यांचा मान राखणे हे त्या सैन्याचे कर्तव्य होय, असा नियम १९०७ साली हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात घालून देण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात ह्या कामाची जाणीव अधिकच तीव्र झाली. १९४२ साली अमेरिकेने व्हर्जिनिया विद्यापीठात ह्यासाठी एक शाळाच उघडली. ज्या देशांत जावयाचे, त्यांचा इतिहास आणि राज्यकारभार तेथे अधिकाऱ्यांना शिकविला जाई.

ह्या अधिकाऱ्यांची खरी कसोटी लागली ती इटलीत. ह्याच रणभूमीवर पुढे मराठा पलटणीच्या जवानांनीही शौर्य गाजविले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने ब्रिटन, अमेरिका आदी दोस्त राष्ट्रांशी तह केला. तेव्हा आजवर इटलीचे मित्र असलेले जर्मन सैन्यच तिचे वैरी बनले. नेपल्स हे इटलीच्या दक्षिण भागातील मोठे बंदर. तेथील नागरिक जर्मनांविरुद्ध उठले. चार दिवस गल्लीगल्लीत लढाई झाली. तीत मुलेसुद्धा होती. १ ऑक्टोबर रोजी दोस्त सैन्य शहरात शिरले, तेव्हा काय दिसले? जाता जाता जर्मनांनी बंदरात जहाजे बुडविली होती, शहराला पाणी पुरविणारी जलवाहिनी फोडली होती, वीजघरे निकामी केली होती. पाणी नाही, दिवे नाहीत, बाजारात अन्न नाही, अशी लाखो लोकांची दैना झाली होती.

सैन्याच्या अभियंत्यांनी तुटलेली जलवाहिनी जोडावयास घेतली आणि बंदर मोकळे करून धान्याची जहाजे आत आणली. परंतु शहराचा कारभार चालवावयाचा कोणी? मुसोलिनीच्या हुकूमशाहीतील अधिकाऱ्यांना तसेच ठेवावे, तर लोकांचा विश्वास उडणार. सर्वांनाच काढावे, तर कचेऱ्या ओस पडणार. कोणत्या रस्त्याखालून कोणता नळ जातो, कोणत्या दप्तरात कोणती नोंद आहे, हे परक्या सैनिकाला कसे ठाऊक असणार? ते ठाऊक असते तेथील कारकुनाला आणि कामगाराला. म्हणून वरच्या जागांवरील हुकूमशाहीचे कट्टर समर्थक दूर करावयाचे, आणि बाकीच्यांना पुन्हा कामावर बोलावून त्यांच्याकडूनच काम करवून घ्यावयाचे, असे धोरण ठरले.

इतक्यात नवे संकट ओढवले. बाँबच्या भीतीने हजारो लोक जमिनीखालील भुयारांत दाटीवाटीने राहत होते. अंघोळीला पाणी नाही, बदलावयास कपडे नाहीत. अशा ठिकाणी उवा फार होतात आणि उवांमार्फत टायफस नावाचा घातक ज्वर पसरतो. १९४३ च्या हिवाळ्यात ह्या ज्वराने उचल खाल्ली आणि शेकडो माणसे दगावली. तेव्हा सैन्याचे वैद्य, अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानचे आरोग्यपथक आणि इटालियन कर्मचारी एकत्र झाले. ठिकठिकाणी केंद्रे उघडण्यात आली. हातपंपाने लोकांच्या बाह्यांत आणि गळपट्टीतून अंगरख्यात डी. डी. टी. ची पूड फवारण्यात येऊ लागली. जानेवारी १९४४ ह्या एकाच महिन्यात दहा लाखांहून अधिक वेळा अशी फवारणी झाली. ऐन हिवाळ्यात ही साथ आटोक्यात आली. ह्या पुडीचे निसर्गावर होणारे दुष्परिणाम पुढे उघडकीस आले आणि अनेक देशांनी शेतीतील तिचा वापर बंद केला. परंतु त्या हिवाळ्यात तिने असंख्य प्राण वाचविले.

ह्या अधिकाऱ्यांचे सारेच प्रयत्न सफल झाले असे मात्र नव्हे. बंदरावर उतरलेला माल चोरीस जाई आणि काळ्या बाजारात विकला जाई. सैन्याने चलनात आणलेल्या नोटांमुळे महागाईत भर पडली. भाकरीसाठी लोकांना दीर्घकाळ हाल सोसावे लागले. हुकूम सोडणे सोपे, परंतु विस्कटलेली घडी बसविणे किती कठीण, हे ह्यावरून दिसून येते.

१९४४ मध्ये दक्षिण इटलीचा कारभार क्रमाक्रमाने इटालियन सरकारकडे सोपविण्यात आला. १९४६ साली देशात मुक्त निवडणुका झाल्या आणि इटलीतील स्त्रियांनीही प्रथमच मतदान केले.

इतर सैनिकांचे यश त्यांनी जिंकलेल्या भूमीवरून मोजले जाते. नागरी व्यवहार अधिकाऱ्याचे यश मात्र निराळे आहे. नळाला पाणी येऊ लागले, दवाखाना उघडला, नगरपालिकेच्या कचेरीत गावचीच माणसे पुन्हा काम करू लागली, आणि एके दिवशी त्याची गरजच उरली नाही, की त्याचे काम पूर्ण झाले. आपल्या गावाचा कारभार आपणच जबाबदारीने चालविणे ह्यातच गावाचे खरे स्वातंत्र्य आहे.