वांग्याचा थंडीतला भाऊबंद

हिंगोलीच्या परसातले वांगे बर्फाळ देशात लावले तर? पारा शून्याखाली उतरताच पेशींतले पाणी गोठून ते मरेल. पण वांग्याच्याच कुळातले गोजी हे लाल फळांचे झुडूप चीनच्या निंगशिया प्रदेशातला कडक हिवाळा सहज काढते. कसे? हिवाळ्यापूर्वी ते पाने गाळते. अशा झुडपांच्या पेशींत साखर साठते आणि साखरेचे पाणी ०° सेल्सिअसला गोठत नाही, आणखी थंडी लागते. वसंतात पुन्हा पालवी फुटते. म्हणून थंड देशांत गोजी घरच्या बागेतही टिकते.

गोजीचे फूल वांग्यासारखेच जांभळे, बहुधा पाच पाकळ्यांचे. मात्र विषारी धोतराही याच कुळातला! तेव्हा मित्रांनो, फुलावरून नाते जरूर ओळखा. अनोळखी फळ तोंडात घालू नका.